बुरशीला हाक, टारफुल्याची ओ

पश्चिम केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाने सियाया, किसुमू, होमा बे हे परगणे लागतात. तिथे मका कमरेला आला की काही शेतांत ओळींमधून जांभळी-गुलाबी फुले डोलू लागतात. दृश्य असे देखणे की परक्या माणसाने गाडी थांबवून फोटो काढावा. शेताच्या मालकिणीला (तिकडे खुरपणीचे काम बहुधा बायकांच्याच वाट्याला येते) मात्र ती फुले दिसली की कळून चुकते, यंदाच्या मक्यात आता फारसा राम नाही. फुले उपटून काही हाती लागत नाही. नुकसान महिन्याभरापूर्वी, जमिनीखाली, कुणाच्या नजरेला न पडता होऊन गेलेले असते.

या तणाचे शास्त्रीय नाव स्ट्रायगा. आपल्याकडे ज्वारीवाल्यांना तो टारफुला म्हणून ठाऊक आहे, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊसवाल्यांनाही. आपला टारफुला बहुतेक पांढऱ्या फुलांचा, वीतभर उंचीचा. आफ्रिकेतला जांभळा भाऊ त्याहून दांडगा आणि कितीतरी पटींनी घातक. ज्वारी, बाजरी, मका, नाचणी आणि कोरडवाहू भात या साऱ्यांच्या मुळांवर तो जगतो. सहाराच्या दक्षिणेला सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आणि तिथून खाली मोझांबिकपर्यंत त्याचा वावर आहे. कोट्यवधी हेक्टर जमीन बाधित, दहा कोटींच्या आसपास माणसांच्या अन्नावर परिणाम, असे अंदाज वर्षानुवर्षे दिले जातात. ते थोडे मागेपुढे असतील, पण त्या पट्ट्यातल्या लहान शेतकऱ्याला विचारले तर दुष्काळाच्या खालोखाल तो याचेच नाव घेईल.

या तणाबद्दलची एक गोष्ट त्या शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होती आणि शास्त्रज्ञांना तिचे कारण सापडायला एकविसावे शतक उजाडावे लागले. टारफुला कसदार रानात फारसा माजत नाही. तो हलक्या, थकलेल्या, वर्षामागून वर्षे तृणधान्यच घेतलेल्या जमिनीत माजतो. घरालगतच्या, शेणखत पडणाऱ्या तुकड्यात मका बरा असतो आणि लांबच्या माळावरच्या तुकड्यात टारफुल्याचे राज्य असते. असे का व्हावे? नुसते 'पीक दुबळे म्हणून तण जबर' एवढे उत्तर पुरत नाही. टारफुल्याला पिकाच्या उपासमारीची बातमी लागते, आणि ती बातमी पीक स्वतःच देते.

परोपजीवी वनस्पती आपल्याला नव्या नाहीत. आंब्यावर बांडगूळ असते, लसूणघासावर अमरवेल चढते, तंबाखूच्या मुळांवर बंबाखू उगवतो. टारफुला या बंबाखूच्याच कुळातला, पण त्याची पाने हिरवी असतात, म्हणजे उन्हात थोडेफार अन्न तो स्वतः बनवू शकतो. जन्मल्यावरचे पहिले काही आठवडे मात्र तो मातीच्या पोटात असतो आणि तेव्हा सगळे काही पिकाकडूनच घेतो.

त्याचे बी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, म्हणजे धुळीच्या कणासारखे. एका झाडापासून ५० हजार ते २ लाख बिया सहज पडतात आणि त्या जमिनीत दहा-दहा वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ, जिवंत राहतात. एवढ्याशा बियात शिदोरी ती किती असणार? अंकुर फुटला की त्या कोंबाला काही दिवसांत, दोन-चार मिलिमीटरच्या आत, पोशिंद्या पिकाचे मूळ गाठावेच लागते. नाही गाठले तर तो मेला. म्हणून हे बी नुसत्या पावसाने उगवत नाही. आठवडा-दोन आठवडे ते ओल्या, उबदार मातीत फुगून तयार होते आणि मग थांबून राहते. जवळ जिवंत मूळ आहे अशी खूण पटेपर्यंत ते कोंब फोडत नाही. खूण पटली की कोंब मुळाकडे वाढतो, टोकाला गाठीसारखा अवयव तयार होतो, तो मुळात घुसून थेट त्याच्या जलवाहिन्यांना जोडला जातो. पुढचे महिना-दीड महिना जमिनीवर काहीच दिसत नाही. दिसते ते एवढेच की वाफसा चांगला असूनही मका कोमेजतो, पानांवर पिवळे पट्टे येतात, वाढ खुंटते. शेतकऱ्याला वाटते, पावसाने ताण दिला.

ती खूण म्हणजे नेमके काय, याचा शोध लागला तो कापसाच्या मुळांमधून. १९६६ साली अमेरिकन संशोधकांनी कापसाच्या मुळांतून झिरपणाऱ्या द्रवातून एक पदार्थ वेगळा काढला. त्याचे प्रमाण अत्यल्प होते, पण तेवढ्यानेही टारफुल्याचे बी उगवत होते. त्याला नाव पडले स्ट्रायगॉल. यातली गंमत अशी की कापसावर टारफुला जगूच शकत नाही. कापसाच्या मुळाजवळ बी फसून उगवते, मुळात शिरता येत नाही आणि कोंब वाळून जातो. विदर्भ-मराठवाड्यात ज्वारीनंतर कपाशी, कपाशीनंतर ज्वारी अशी फेरपालट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बेवड चांगला पडतो, एवढे कारण शेतकऱ्याला पुरेसे होते. त्या बेवडात टारफुल्याचे बी फसवून मारण्याचाही वाटा असणार, हे नंतरचे शहाणपण.

पुढे ज्वारी, मका, भात यांच्या मुळांतही याच घराण्यातले पदार्थ सापडले. साऱ्यांना मिळून स्ट्रायगोलॅक्टोन म्हणतात. पण मग एक कोडे उरले, आणि ते जवळजवळ चाळीस वर्षे उरले. कोणते झाड आपल्या वैऱ्याला जागे करणारा पदार्थ मुद्दाम बनवून मातीत सोडील? निसर्गात असा आत्मघात टिकत नाही. ज्याअर्थी तो टिकला, त्याअर्थी त्या पदार्थाचा झाडाला काहीतरी मोठा फायदा असला पाहिजे.

उत्तर २००५ साली जपानमधून आले. कोहकी आकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले की स्ट्रायगोलॅक्टोन ही बुरशीला घातलेली हाक आहे. ही बुरशी म्हणजे मायकोरायझा, आज आपल्या कृषी सेवा केंद्रांतही पुड्यांमधून विकली जाते ती. पृथ्वीवरची बहुसंख्य झाडे तिच्याशी भागीदारी करतात. झाड तिला साखर देते आणि तिचे केसांहून बारीक धागे मातीत दूरवर पसरून झाडाला मुख्यतः स्फुरद आणून देतात. स्फुरद हे मातीत जागचे न हलणारे अन्नद्रव्य आहे. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येते, स्फुरदापर्यंत मुळालाच जावे लागते. मूळ जिथे पोहोचत नाही तिथे बुरशीचा धागा पोहोचतो. ही भागीदारी ४० कोटी वर्षांहून जुनी, झाडे नुकती पाण्यातून जमिनीवर आली तेव्हापासूनची. टारफुला त्यामानाने कालचा पोर. त्याने नवे काही शोधले नाही. दुसऱ्याला घातलेली हाक ऐकून ओ द्यायला तो शिकला.

इथवर आले की जमिनीच्या कसाचा धागा आपोआप हाती येतो. हाक कधी घालायची? गरज असेल तेव्हा. २००७ साली जपानमधल्याच कोइची योनेयामा यांच्या गटाने ज्वारीची रोपे नत्र आणि स्फुरद तोडून वाढवली. दोन्हींपैकी कशाचीही टंचाई झाली की मुळांतून स्ट्रायगोलॅक्टोनचा स्राव वाढत होता. अन्नद्रव्ये पुरेशी मिळाली की तो घटत होता. लाल क्लोव्हर या द्विदल चाऱ्यात त्यांना वेगळे दिसले. तिथे हाक वाढत होती ती स्फुरद तोडल्यावरच. द्विदलाला नत्र मुळांवरच्या गाठींतून मिळते, तेव्हा त्यासाठी बुरशीला बोलवायची गरज नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. पुढच्याच वर्षी दोन स्वतंत्र गटांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. हाच पदार्थ झाडाच्या आत संप्रेरक म्हणूनही काम करतो आणि फुटवे रोखतो. म्हणजे उपाशी ज्वारी एकाच पदार्थाने वर फुटवे कमी करून खर्च आवरते आणि खाली मुळांतून मदत मागते. हलक्या रानात ज्वारीला फुटवे कमी का येतात, याचे निदान एक कारण तरी त्यात आहे.

तेव्हा खत घाला, टारफुला जाईल, इतके हे सोपे आहे का? कागदावर आहे. हॉलंडमध्ये वाखेनिंगन इथे हॅरो बाउमेस्टर आणि मुहम्मद जमील यांनी भातावर आणि इतर तृणधान्यांवर प्रयोग केले. नत्र-स्फुरद वाढले की स्राव घटला, स्राव घटला की टारफुल्याचे उगवणे घटले. बी पेरण्यापूर्वी स्फुरदाच्या द्रावणात भिजवूनही कुंड्यांमध्ये चांगला परिणाम दिसला. शेतात मात्र हा हिशेब दरवेळी इतका सरळ लागत नाही.

त्यात नत्राची बाजू त्यातल्या त्यात भक्कम आहे. नत्र तीन वाटांनी काम करते. मुळांची हाक मंदावते, ही पहिली. युरियासारख्या खतातले अमोनियाच्या रूपातले नत्र उगवत्या टारफुल्याला स्वतःलाच बाधते, कारण ते पचवण्याची सोय त्याच्याकडे तोकडी आहे, ही दुसरी. आणि खताने पीक भरभर वाढून सावली धरते, खाली दमट गारवा राहतो, तो टारफुल्याला मानवत नाही, ही तिसरी. पण अगदी निकस जमिनीत नत्राचा हात फार आखडता ठेवला तर उलटेही घडलेले आहे. थोडेसे नत्र मिळाल्याने पिकाच्या मुळ्या वाढतात, वाढलेल्या मुळ्या आणखी बियांच्या जवळ जातात आणि टारफुला पूर्वीपेक्षा जास्त उगवतो. अशा वेळी शेतकऱ्याचा खतावरचा विश्वासच उडतो. वास्तविक त्या शेतातही धान्य थोडे जास्त पडलेले असू शकते, कारण पोटभर खाल्लेले पीक तेवढाच टारफुला अधिक सहन करते. नुसती टारफुल्याची झाडे मोजून खताचा निवाडा करणे म्हणूनच फसवे.

स्फुरदाची अडचण निराळी. पश्चिम केनियातल्या बऱ्याच जमिनी तांबड्या, आम्ल आणि पावसाने धुपलेल्या. त्यांतले लोह आणि ॲल्युमिनियम दिलेले स्फुरद धरून ठेवतात. कोकणातल्या जांभ्या मातीतला शेतकरी हे दुखणे ओळखेल: खत पोत्याने घातले तरी पिकाच्या तोंडी लागते ते थोडेच. उपाय म्हणून खत फेकून न देता बियाजवळ, मुठीमुठीने द्यायची पद्धत आली. हैदराबादजवळ पाटणचेरूला मुख्यालय असलेल्या इक्रिसॅट संस्थेने नायजर, माली, झिंबाब्वे या देशांत हा प्रकार रुजवला. माप काय, तर सोड्याच्या बाटलीचे झाकण, किंवा नुसती तीन बोटांची चिमूट. प्रत्येक खड्ड्यात बाजरीच्या बियाबरोबर तेवढेच खत. मला हे झाकण फार महत्त्वाचे वाटते. कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी किलोत असते, आणि ज्याच्याकडे तराजूही नाही आणि पोते घ्यायला पैसेही नाहीत त्याच्यासाठी तिचा उपयोग शून्य. झाकणाने मोजले की एक पोते गावातली चार घरे वाटून घेऊ शकतात.

कारण गाठ अखेर पैशापाशीच पडते. जून २००६ मध्ये नायजेरियाच्या अबुजा शहरात आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी ठराव केला की खतांचा वापर हेक्टरी ८ किलो अन्नद्रव्यांवरून २०१५ पर्यंत ५० किलोवर न्यायचा. भारताचा वापर शंभर किलोच्या केव्हाच पुढे गेला आहे, म्हणजे हे ५० काही भलते स्वप्न नव्हते. मुदत टळून गेली आणि सहाराच्या दक्षिणेची सरासरी त्या उद्दिष्टाच्या निम्म्यावरही पोहोचली नाही. माली, बुर्किना फासो, नायजर यांना समुद्रकिनारा नाही. बंदरावर उतरलेले पोते शेकडो किलोमीटर ट्रकने आत जाते आणि वाटेत महाग होत जाते. २०२२ मध्ये युक्रेन युद्धाने जगभर खताचे भाव भडकले, तेव्हा जे थोडेफार घेत होते त्यांनीही हात आखडला. मे २०२४ मध्ये नैरोबीत खत आणि जमिनीच्या आरोग्यावर पुन्हा मोठी परिषद झाली, पुन्हा उद्दिष्टे ठरली. पूर्वी जमीन काही वर्षे पडीक टाकून तिला विसावा देता येई. कुटुंबे वाढली, तुकडे लहान झाले, आता दरवर्षी मका नाही तर ज्वारी. दिले काही नाही, घेतले सगळे. इंग्रजी वर्तमानपत्रांना या तणाला चेटकीण म्हणायची हौस आहे. चेटूक वगैरे काही नाही. रिकाम्या केलेल्या जमिनीचा हा हिशेब आहे.

पैसा असला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. १९५६ साली उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनात मक्याच्या शेतांत टारफुला सापडला. तो ओळखला भारतातून तिकडे शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने, असे सांगितले जाते. स्थानिकांनी हे झाड कधी पाहिलेच नव्हते. पुढे बाधित क्षेत्र चार लाख एकरांवर गेले. सरकारने विलगीकरणाचा कायदा लावला, शेतातून बाहेर पडणारी अवजारे धुऊन काढली आणि जमिनीत इथिलीन वायू सोडला. फळे पिकवायला वापरतात तोच हा वायू. त्याने पीक नसतानाच टारफुल्याचे बी उगवते आणि मरते. अर्धशतकाच्या खटपटीनंतर ९९ टक्क्यांहून अधिक क्षेत्र मोकळे झाले. ट्रॅक्टरमागे वायूची टाकी जोडून रान पालथे घालणे सियायातल्या अर्ध्या एकरवालीला कुठून परवडणार? तीच कल्पना स्वस्तात आणण्यासाठी आता कृत्रिम स्ट्रायगोलॅक्टोन बनवले जात आहेत. जपानी रसायनशास्त्रज्ञांनी कल्पनेपलीकडच्या अल्प मात्रेत काम करणारा रेणू २०१८ मध्ये जाहीर केला आणि बुर्किना फासोत अशा काही पदार्थांच्या शेतावरच्या चाचण्याही झाल्या. बाजारात मात्र अजून काही आलेले नाही, तेव्हा त्यावर अधिक लिहीत नाही.

लहान शेतकऱ्याच्या खऱ्या कामाला आल्या त्या दोन गोष्टी, आणि दोन्हींमागे एकेक माणूस आहे.

पहिला गेबिसा एजेटा. इथिओपियातल्या एका खेड्यात, गवताने शाकारलेल्या एका खोलीच्या झोपडीत वाढलेला हा मुलगा आठवड्याच्या शाळेसाठी वीस किलोमीटर चालत जायचा. पुढे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ज्वारीचा पैदासकार झाला. त्याने बायोकेमिस्ट लॅरी बटलर यांच्याबरोबर प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत, एकेका ज्वारीच्या मुळाजवळ टारफुल्याचे बी किती उगवते ते मोजले. काही वाणांजवळ ते फारच कमी उगवत होते. त्यांचा संकर करून टारफुल्याला दाद न देणारे वाण निघाले आणि १९९४ मध्ये त्यांचे आठ टन बियाणे आफ्रिकेतल्या १२ देशांत वाटले गेले. २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार एजेटांना मिळाला. त्या वाणांचे गुपित २०१७ मध्ये उलगडले. एक जनुक निकामी झाल्याने ही ज्वारी एका घडणीच्या स्ट्रायगोलॅक्टोनऐवजी दुसऱ्या घडणीचा सोडते. बुरशीला ही बदललेली हाकही कळते, टारफुल्याला ती नीट ओळखू येत नाही. या लढ्यात एक भारतीय ज्वारीही आहे: एन-१३ हा आपल्याकडचा जुना वाण. तो हाक लपवत नाही, पण त्याच्या मुळाची साल इतकी टणक की टारफुल्याला आत शिरणेच जड जाते. त्याचे गुण सुदानी शेतकऱ्यांच्या आवडत्या वाणांत उतरवले गेले. पण वाण बदलला तरी रान भुकेलेच असते. एजेटा स्वतः बियाण्याबरोबर खत आणि पाण्याची ओल धरून ठेवणाऱ्या सऱ्या असा एकत्र संच देण्याचा आग्रह धरत आले.

दुसरे झियाउर खान, मूळचे भारतीय कीटकशास्त्रज्ञ. व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्बिता इथल्या संशोधन केंद्रात ते मक्यातल्या खोडकिडीवर काम करत होते. किडीला पळवून लावणारे आंतरपीक म्हणून त्यांनी मक्याच्या ओळींत डेस्मोडियम हा द्विदल चारा लावला आणि बांधाला किडीला ओढून घेणारे हत्ती गवत. कीड तर कमी झालीच, पण डेस्मोडियमच्या ओळींत टारफुलाही दिसेना. वाटले, द्विदल आहे, नत्र वाढले, सावली झाली, म्हणून असेल. त्यांनी नत्र आणि सावली वेगळी देऊन पाहिली. तेवढ्याने इतका फरक पडत नव्हता. डेस्मोडियमच्या मुळांतूनच असे पदार्थ झिरपतात की टारफुल्याचे बी उगवते पण कोंब पुढे वाढत नाही. शिवाय गाईला चारा, चाऱ्यातून शेण, शेणातून खत. मला या साऱ्या कथेत हाच उपाय सर्वांत शहाणा वाटतो, कारण तो टारफुल्याला मारता मारता जमिनीची भूकही भागवतो. बाकीचे बहुतेक उपाय यांपैकी एकच काम करतात.

महाराष्ट्रात टारफुल्याची चर्चा आता फारशी होत नाही. खरिपाची ज्वारी सोयाबीनने हटवली आणि ज्वारीबरोबर तोही नजरेआड झाला. पण ज्वारीचे दिवस पुन्हा येतील असे भरड धान्यांच्या कौतुकात सगळे सांगत आहेत आणि उसात तर तो आहेच. म्हणून हलक्या रानात सलग ज्वारी किंवा खोडव्यामागून खोडवा घेणाऱ्यांना एवढेच सांगणे: पांढरी फुले दिसण्याची वाट न पाहता माती तपासून घ्या, नत्र-स्फुरदाची तूट भरून काढा, मध्ये कापूस किंवा एखादे द्विदल घ्या. आणि टारफुला उगवलाच, तर बी धरण्याआधी उपटून जाळा. तो गुरांपुढे टाकू नका, उकिरड्यावरही नको. त्याचे बी गुरांच्या पोटातून जिवंत बाहेर पडते आणि अर्धवट कुजलेल्या शेणखतातून पुन्हा रानात येते.